चौदा नंबरचा डावा डोळा

सिरिंजला सुई नव्हती. बाकी सगळं होतं.

मगदूम अण्णांच्या डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून झाले होते. तपकिरी आयोडीनने पापण्या, भुवई आणि अर्धा गाल रंगवून झाला होता. हिरव्या कापडाच्या भोकातून फक्त डावा डोळा वर आलेला, आणि तो मिटू नये म्हणून पापण्यांना तारेचा चिमटा. असा चिमटा लावला की आतला माणूस कितीही शांत असला तरी डोळा घाबरलेलाच दिसतो. आमचे कनिष्ठ डॉक्टर निकम यांनी हात पुढे केला. मी ट्रेमधली सिरिंज दिली. त्यांनी तिचं बोथट तोंड डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकवलं, जरासं दाबलं आणि मनात तीनपर्यंत मोजलं.

"झालं, अण्णा."

"झालंसुद्धा?" कापडाखालून आवाज आला. "कळलंच नाही ओ. हात फार हलका आहे तुमचा, डॉक्टर."

"निम्मे लोक असंच म्हणतात," निकम म्हणाले. ते खरं बोलणारे गृहस्थ होते.

याला पंधरा वर्षं झाली. आमच्या नेत्रालयात एका परदेशी कंपनीच्या औषधाची चाचणी चालू होती. मधुमेहाने ज्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला आहे अशी माणसं घ्यायची. निम्म्यांना दर महिन्याला डोळ्यात औषध टोचायचं आणि निम्म्यांना टोचल्याचं नाटक करायचं. कोण कुठल्या निम्म्यात, हे कंपनीचा संगणक ठरवायचा आणि बंद पाकिटातून कळवायचा. ते पाकीट फोडायचा अधिकार दोघांनाच होता, डॉक्टर निकम आणि मी. मुख्य डॉक्टर हेरलेकर, नजर तपासणारी मुलगी आणि खुद्द रुग्ण यांना त्यातलं काही कळता कामा नये. मी या चाचणीचा समन्वयक होतो. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर माणसाला जे मिळेल ते करावं लागतं.

यात बेकायदा काहीच नव्हतं. नीतिसमितीने सगळं मंजूर केलं होतं. नाटकातल्या लोकांसाठी एक दारही ठेवलेलं होतं. वाचनाच्या तक्त्यावर पंधरा अक्षरं कमी झाली, किंवा पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या दिसल्या, की त्याच दिवशी खरं औषध. ते औषध खालच्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये तयार असायचं. नियम चांगले होते. नियमांबद्दल माझी आजही तक्रार नाही.

चाचणीच्या भाषेत या लोकांना रुग्ण म्हणायचं नव्हतं. ते 'सहभागी'. अण्णा चौदा नंबरचे सहभागी होते.

भूपाल मगदूम. सांगलीच्या एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधक, आणि छापखाना बंद पडल्यावर घरी बसून प्रुफं तपासणारे. जानेवारीत पहिल्यांदा आले तेव्हा बरोबर पत्नी, पद्मावतीकाकू. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. उजवा डोळा चार वर्षांपूर्वीच आत रक्त उतरून गेलेला. त्याने माणूस आणि म्हैस एवढा फरक कळतो, तोही जवळ आल्यावर, असं ते स्वतःच सांगत. सगळी भिस्त डाव्यावर.

"एक जैन पारिभाषिक शब्दकोश आहे हातात," ते डॉक्टर हेरलेकरांना म्हणाले. "साडेआठशे पानं. सध्या 'त'वर आहे. मला 'ह'पर्यंत पोचवा, पुढे डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

"पोचवू की," हेरलेकर म्हणाले. त्यांनी पडद्याचा फोटो संगणकावर मोठा करून दाखवला. त्यांना समजावून सांगायला आवडायचं, आणि ते सांगायचेही छान. "हे बघा. साखरेने या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत चालल्यात. पडद्याला रक्त पुरत नाही. उपाशी पडदा मग एक रसायन सोडतो, वाढीचं. मागणीपत्रच समजा. इथे कमी पडतंय, नव्या वाहिन्या पाठवा."

"मग येतात का?"

"येतात. पण घाईत केलेल्या. भिंती कच्च्या, गळक्या. नको तिथे वाढतात आणि एक दिवस फुटतात. तुमच्या अजून आलेल्या नाहीत, पण मागणी गेलेली दिसते. आपलं औषध त्या मागणीपत्रालाच वाटेत धरतं."

अण्णांनी जरा विचार केला. "आमच्या मालकांचं असंच होतं. दिवाळी अंकांची गर्दी झाली की आम्ही माणसं मागायचो. ते मेहुण्याची पोरं पाठवायचे. ती पोरं जुळवलेली पानं उचलताना जमिनीवर पाडायची. आधीचं बरं होतं म्हणायची पाळी."

हेरलेकर मनापासून हसले आणि मला म्हणाले, "वाळिंबे, यांचा फॉर्म भरून घ्या."

फॉर्म बावीस पानांचा होता. त्याचं मराठी भाषांतर हैदराबादला झालं होतं, आणि ज्याने केलं त्याचा मराठीवर काहीतरी जुना राग असावा. मी अण्णांना म्हणालो, निवांत वाचा. ते बाकावर बसले, भिंग काढलं, लाल पेनचं टोपण काढलं. दीड तासाने त्यांनी फॉर्म परत दिला तेव्हा सगळ्या पानांचे समास लाल झाले होते.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "शिवाय पान अकरावर एक परिच्छेद दोनदा आलाय."

"अण्णा, हा वाचायचा होता."

"वाचला की."

"म्हणजे समजून."

ते माझ्याकडे दयेने बघून हसले. "साहेब, प्रूफ समजून वाचायचं नसतं. अर्थाकडे लक्ष गेलं की डोळा घसरतो आणि चूक सुटते. अडतीस वर्षांत मी अर्थ म्हणून काही वाचलेलं नाही. माझ्या हाताखालून चार आत्मचरित्रं गेली. त्यात काय होतं, विचारा. सांगता यायचं नाही."

"खरं आहे," पद्मावतीकाकू म्हणाल्या. "माझी पत्रंसुद्धा दुरुस्त करून परत पाठवायचे. उत्तर नाहीच."

पान नऊवर एक वाक्य होतं. 'सदर चाचणीमध्ये यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सहभागींना सुईविरहित उपकरणाद्वारे करण्यात येणाऱ्या छद्म प्रक्रियेस सामोरे जावे लागण्याची शक्यता नाकारता येत नाही.' अण्णांनी त्याखाली लाल रेघ मारून समासात लिहिलं होतं, 'वाक्य फार लांब. तोडावे.' वाक्याचं म्हणणं एवढंच होतं की तुम्हाला कदाचित औषध मिळणारच नाही.

हे साध्या शब्दांत सांगणं माझं काम होतं. त्यासाठी शेवटच्या पानावर एक चौकटही होती, 'सहभागीस सर्व माहिती समजावून सांगितली.' दीड वाजला होता आणि बाहेर आणखी तिघं बसले होते. मी चौकटीत बरोबरची खूण केली. कंपनीच्या फॉर्मवर लाल शाई चालत नाही, म्हणून त्यांना नवी कोरी प्रत दिली. तिच्यावर त्यांनी एका झटक्यात सही केली. वाचून तर झालंच होतं.

फेब्रुवारीत पाकीट आलं. चौदा नंबरला सुई नव्हती.

मग दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ते दोघं यायचे. आधी नजरेची तपासणी, मग पडद्याचे फोटो, मग हेरलेकर, मग वर निकमांकडे इंजेक्शन. म्हणजे ते जे काही होतं ते. येताना काकू माझ्यासाठी स्टीलच्या डब्यातून शेंगदाण्याची चटणी आणायच्या. मी ती घ्यायचो. दुसऱ्या महिन्यापासून मी आधीचा डबा धुऊन तयार ठेवायला लागलो. माणूस किती लवकर सरावतो याचं मला आजही नवल वाटतं.

"फरक वाटतोय का, अण्णा?" मी मार्चमध्ये विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"वाटतोय तर. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी एकदम स्वच्छ दिसतं. आठवडाभर टिकतं."

"मन आहे ते," काकू म्हणाल्या.

"तू गप. औषध आहे ते."

"आकडा टिकवा हं अण्णा," मी म्हणालो. "पंधरा अक्षरं खाली गेलात तर तुम्हाला यातून बाहेर काढावं लागेल."

बाहेर म्हणजे कुठे, ते मी सांगितलं नाही. सांगायची परवानगी नव्हती. पण मुळात हे बोलायचीच गरज नव्हती. हेरलेकरांना कंपनीकडून शाबासकी हवी होती, एकही सहभागी गळता कामा नये असा त्यांचा आग्रह होता, आणि तो आग्रह माझ्या तोंडात येऊन बसला होता. लोकांनी नीट वागावं म्हणून आपण सहज धाक घालतो, तसा घातला.

अण्णांचा चेहरा उतरला. "मग इंजेक्शन बंद?"

"हे बंद," मी म्हणालो. हे अगदी तंतोतंत खरं होतं.

नजर तपासायची भाग्यश्री पाटील. एप्रिलमध्ये तिचं लग्न झालं आणि ती हुबळीला गेली. तिची सही मात्र आमच्याकडेच राहिली. हेरलेकर म्हणाले, नवी मुलगी मिळेपर्यंत तुम्हीच घ्या तपासणी, कागदावर भाग्यश्रीच राहू दे, नव्या माणसाला कंपनीची मंजुरी मिळायला तीन महिने जातात. ज्याला पाकीट माहीत आहे त्यानेच नजर तपासायची नाही, हा चाचणीचा पहिला नियम. मी दोन महिने 'भा. पा.' लिहिण्याचा सराव असा केला की शेवटी तिच्यापेक्षा माझं वळण बरं दिसायला लागलं.

"याच्यात दहाच खिळे आहेत, साहेब," मी तपासायला लागल्यावर पहिल्याच गुरुवारी अण्णा म्हणाले.

"कसले खिळे?"

"अक्षरं ओ. इंग्रजीची सव्वीस. तुमच्या तक्त्यात दहाच फिरवून फिरवून लावलेली. सी, डी, एच, के, एन, ओ, आर, एस, व्ही, झेड. पेटीत बाकीचे खिळे नसले की आम्ही असंच काम भागवायचो."

वर्षभर तो तक्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मला गंमत वाटली. मी ती निकमांनाही सांगितली.

अण्णांचे आकडे उत्तम होते. अडुसष्ट, सदुसष्ट, एकोणसत्तर, अडुसष्ट. हेरलेकर खूश. "चौदा नंबर औषधावर असणार, लिहून ठेवा," ते मला म्हणायचे. मी चेहरा कोरा ठेवायचो. त्याचाच पगार होता.

बाकी गोष्टी दिसत होत्या. जूनमध्ये अण्णांच्या शर्टाची बटणं एका घराने चुकली होती. कडक इस्त्री, आणि बटणं वरखाली. काकू म्हणाल्या, हल्ली प्रूफ मीच वाचून दाखवते, हे नुसतं ऐकतात, डोळ्याला विश्रांती म्हणून. कोश 'र'वर आला होता. जुलैत अण्णांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला, फक्त टेबल तिथे नव्हतं, वीतभर डावीकडे होतं. चटणी फरशीवर सांडली. "हात घसरला," अण्णा म्हणाले. काकू खाली वाकून गोळा करायला लागल्या, तर मी म्हणालो, राहू दे काकू, मावशी झाडतील. काकूंनी पिशवीतून दुसरा डबा काढला. तो डॉक्टरांसाठी आणला होता, तो मला दिला.

तो गुरुवार नेमका कंपनीच्या पाहणीचा होता. हैदराबादहून रेड्डी मॅडम आल्या होत्या. आतल्या खोलीत आमच्या सगळ्या फायली मांडून बसलेल्या, शेजारी सामोसे, वर पंखा. त्या दर पाच मिनिटांनी हाक मारायच्या, आणि मी प्रत्येक हाकेला हातातलं काम टाकून धावायचो.

तपासणीच्या खोलीत चार मीटरवर दिव्याची पेटी असते, तिच्यावर तक्ता लावायचा. उजव्या डोळ्याला एक, डाव्याला दुसरा. पाठ होऊ नये म्हणूनच दोन. उजव्याने अण्णांना नेहमीप्रमाणे एकही अक्षर लागलं नाही. मी उजवा डोळा झाकला, तेवढ्यात आतून हाक आली, "मिस्टर वालिंबे." मी गेलो, एक कागद शोधून दिला, परत आलो. घाई झाली होती.

"अण्णा, वरच्या ओळी राहू द्या. पाचवीपासून घ्या."

अण्णांनी मान ताठ केली, समोर बघितलं आणि वाचायला लागले. पाच अक्षरं, थोडं थांबून पाच, पुन्हा पाच. आठव्या ओळीत एका अक्षराला अडखळले, आणि मग सावरून पुढे गेले. अडखळणंसुद्धा अगदी बेतशीर.

मी खुणा करायला कागदावर पेन्सिल टेकवली. अक्षरं सगळी जुळत होती. माझ्या हातातला कागद डाव्या डोळ्याचा होता. मग सहज समोर पेटीकडे बघितलं. तक्ता बदलायचा राहिला होता. पेटीवर उजव्या डोळ्याचाच तक्ता उजळत होता, आणि अण्णांनी जो वाचला तो माझ्या पाठीमागच्या कपाटात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

"आलं का बरोबर?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पेटीकडे बघत होते. पेटीच्या जरा डावीकडे, म्हणजे.

काय करायचं ते नियमात स्पष्ट होतं. तक्ता बदलायचा, क्रम मोडून विचारायचं, खरा आकडा लिहायचा. पंचेचाळीसच्या वर आला नसता. मग हेरलेकरांना सांगायचं, आणि त्याच दुपारी खालच्या फ्रिजमधलं औषध, सुईसकट. सगळं मिळून अर्धा तास. पण एका महिन्यात आकडा एवढा खाली का आला, असं आतल्या खोलीतून विचारलं गेलं असतं. कुणी तपासलं, तिला बोलवा. ती हुबळीला. मग हे 'भा. पा.' कोण?

"आलं," मी म्हणालो. "छान आलं."

बहात्तर होत होते. मी सत्तर लिहिले. फार चांगला आकडा असला की लोक थांबून बघतात. खाली सही केली. अण्णांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी दुसरीकडे बघितलं.

फोटो काढले. ते परदेशी जायचे आणि त्यांचं वाचन सहा आठवड्यांनी यायचं. हेरलेकरांची त्या दिवशी मोतीबिंदूची अठरा ऑपरेशनं होती. त्यांनी दारातूनच विचारलं, "आकडा?"

"सत्तर."

"मग त्यात काय बघायचं." तरी त्यांनी अर्धा मिनिट दिवा मारून बघितलं, 'स्थिर' असं लिहिलं, आणि गेले. वर निकमांनी सिरिंज टेकवली, तीनपर्यंत मोजलं. अण्णा म्हणाले, "आजपण कळलं नाही."

संध्याकाळी रेड्डी मॅडमनी फायली मिटल्या. "व्हेरी क्लीन साइट," त्या म्हणाल्या. सामोशाबरोबर काकूंची चटणी ठेवली होती. मॅडमनी ती दोनदा घेतली आणि कोण बनवतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, एका पेशंटच्या मिसेस. "पार्टिसिपंट," त्यांनी माझी चूक दुरुस्त केली. मीही चटणी खाल्ली. हाताला आयोडीनचा वास होता, आणि तो चटणीला लागला होता. तरी खाल्ली. डबा रिकामा झाल्यावर कडेला लागलेली बोटाने पुसून घेतली.

सतरा दिवसांनी सकाळी अण्णांचा फोन आला.

"साहेब, पानावर शाई सांडलीय."

"कुठली शाई?"

"काळी. वरून ओघळ येतायत. पान बदललं तरी तिथंच. भिंतीवर पण आहे. 'व'वर होतो आम्ही." आवाज अगदी शांत होता. मागून काकू रिक्षावाल्याशी बोलताना ऐकू येत होत्या.

हेरलेकरांनी डोळ्यात बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. आत पडदा दिसतच नव्हता. नव्या वाहिन्या आल्या होत्या, घाईत केलेल्या, कच्च्या भिंतींच्या, आणि त्यातली एक फुटून सगळा डोळा रक्ताने भरला होता. "सत्तर होते ना?" ते मला म्हणाले. "सतरा दिवसांत?" मी म्हणालो, हो सर. त्यांनी ताबडतोब खरं औषध द्यायला सांगितलं. मी खाली जाऊन फ्रिज उघडला. वरच्याच कप्प्यात होतं.

पुन्हा थेंब, आयोडीन, हिरवं कापड, चिमटा. निकमांनी सिरिंज घेतली. सुई आत गेली तेव्हा अण्णांचे दोन्ही हात पलंगाच्या कडेवर आवळले.

"आज मात्र टोचलं, डॉक्टर," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा कळलं."

पुढच्या महिन्यात निकमांनी नोकरी सोडली. त्यांना दुबईला चांगली मिळाली होती, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध लावता येत नाही.

रक्त निवळलं नाही. दरम्यान जुलैच्या फोटोंचं वाचन आलं. 'सहभागी चौदा, डावा डोळा. नव्या रक्तवाहिन्या आढळल्या. कृपया योग्य ती कार्यवाही करावी.' सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं. आत पडदा ओढला जाऊन सुटला होता. हेरलेकरांनी चार तास खटपट केली. ते वाईट सर्जन नव्हते. ऑपरेशननंतर डोळ्यासमोर हात हलवला तर हलतोय एवढं अण्णांना कळायचं. म्हणजे उजवा त्यापेक्षा बरा ठरला.

कंपनीला कळवायचा एक फॉर्म असतो, गंभीर घटनेचा. त्यात विचारतात, 'घटनेचा चाचणीतील औषधाशी संबंध?' मी लिहिलं, 'नाही.' ते शंभर टक्के खरं होतं. चौदा नंबरच्या फायलीत बहुधा तेवढं एकच.

नोव्हेंबरमध्ये ते दोघं माझ्याकडे आले. बोलावलेलं नव्हतं. अण्णांचा हात काकूंच्या खांद्यावर. शर्ट तसाच पांढरा, बटणं आता काकू लावत असाव्यात, बरोबर होती. खिशाला पेन नव्हतं. मी खुर्ची पुढे केली, काकूंनी अण्णांचा हात तिच्या पाठीवर नेऊन ठेवला. ते बसले नाहीत.

"कोश काय म्हणतोय, अण्णा?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"दिला दुसऱ्याकडे. कोल्हापूरचे एक आहेत. 'व' अर्धा राहिला होता." ते थांबले. "साहेब, रागावणार नसाल तर एक सांगायचंय. दोन महिने सांगीन सांगीन म्हणतोय."

"बोला ना."

"मी तुम्हाला फसवलं."

मी उठून दार लावलं.

"तक्ता दिसत नव्हता मला. मार्चपासूनच कमी झालं होतं. पाठ करून म्हणत होतो. दहाच तर अक्षरं, आमच्या धंद्यात त्याला काय लागतंय. तुम्ही म्हणाला होता, आकडा खाली आला की बाहेर काढणार. मला वाटलं, इंजेक्शन चालू आहे तोवर डोळा आहे. ते सुटलं तर कोश सुटला. म्हणून आकडा धरून ठेवला."

"मलासुद्धा सांगितलं नाही हो," काकू म्हणाल्या. "मी वाचून दाखवायची तर म्हणायचे, विश्रांती देतोय डोळ्याला."

"आता डोळ्याचं काय," अण्णा म्हणाले. "ते माझं मी करून घेतलं, माझं मी भोगीन. पण सहा इंजेक्शनं वाया घालवली मी तुमची. परदेशातनं येतात ती. दुसऱ्या कुणाला दिली असती तर त्याचा डोळा राहिला असता. आणि तुमच्या कागदात सगळे आकडे खोटे गेले. ते कुठंतरी छापले जाणार. माझ्यामुळं चुकीचं छापलं जाणार, साहेब. अडतीस वर्षांत मी जाणूनबुजून एक चूक सोडली नव्हती." त्यांचा हात सवयीने पेनाच्या खिशाकडे गेला. "तेवढे गाळता आले तर गाळा. मार्चपासूनचे. मी कुठं पाहिजे तिथं सही देतो. ही बोट ठेवून दाखवील कुठं करायची ती."

त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यातले शब्दही सोपे होते. सहाच्या सहा वेळा सिरिंजला सुई नव्हती, अण्णा, आणि जुलैत तुम्ही पाठ म्हणताय हे मला कळलं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लावलेलं होतं. पुढे काय झालं असतं ते सगळं मी एका क्षणात बघितलं. चौकशी, हुबळी, माझी नोकरी, हेरलेकरांचा चेहरा.

"होतं असं, अण्णा," मी म्हणालो. "एवढं मनाला लावून घेऊ नका. आकड्यांचं मी बघतो काहीतरी."

मी त्यांना माफ केलं.

अण्णांनी मोठा श्वास सोडला. दोन्ही हात जोडले, मी जिथे होतो तिथे नाही, फायलींच्या कपाटाकडे तोंड करून. काकूंनी हळूच त्यांचे खांदे धरून त्यांना माझ्याकडे वळवलं.

"मी सांगत नव्हते?" त्या त्यांना म्हणाल्या. "साहेब रागावणार नाहीत म्हणून?"